लेलीचे आरमारी अधिकारी आणि मुंबईच्या भिंतींवरची तैलचित्रे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाल्याची हकीगत सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखासोबत सर विल्यम पेन या आरमारी अधिकाऱ्याचे तैलचित्र छापले होते. त्याखालच्या ओळीत तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या. पेन आपल्या हुद्द्याच्या गणवेशात उभा आहे, हे चित्र इंग्रज आणि डच आरमारांमधल्या १६६५च्या लोस्टॉफ्टच्या लढाईनंतर लगेच काढले गेले आणि ते आदीपासून अंतापर्यंत त्या काळचा लंडनचा दरबारी चित्रकार पीटर लेली याने स्वतः रंगवले. चित्रांची निगा राखणे आणि जुन्या चित्रांचे थर वाचणे हे आमचे रोजचे काम असल्यामुळे या तिन्हींबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. विषय लंडनचा असला तरी मुंबईतल्या कितीतरी सभागृहांत, वाचनालयांत, न्यासांच्या कचेऱ्यांत आणि जुन्या घरांत अशीच अधिकाऱ्यांची आणि शेटजींची तैलचित्रे टांगलेली आहेत. त्यांच्याबाबतीतही नेमके हेच गैरसमज असतात, आणि त्यांची किंमत चित्रांना मोजावी लागते.

आधी गणवेश. इंग्रजी आरमाराच्या अधिकाऱ्यांना ठरावीक गणवेश मिळाला तो १७४८ साली. पेनचे चित्र त्याच्या ऐंशीएक वर्षे आधीचे. तोवर अधिकारी आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे कपडे घालत. त्यामुळे सतराव्या शतकातल्या आरमारी चित्रात बटणे, कॉलर, पट्ट्या पाहून हुद्दा ओळखता येत नाही. हुद्दा सांगणाऱ्या खुणा वेगळ्या असतात: हातातला सेनापतीचा दंड, तलवार, शेजारची तोफ, मागे कोपऱ्यात समुद्र आणि एखादे शिडाचे जहाज. जमिनीवरच्या सैन्याचा अधिकारी असेल तर जाड कातडी अंगरखा किंवा चिलखत दिसते. हे चिलखतही जपूनच वाचावे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रणांगणावर पूर्ण चिलखत जवळजवळ गेले होते, राहिले होते ते छातीवरचे आणि पाठीवरचे पत्रे. चित्रांत मात्र खांद्यापासून मांडीपर्यंत चकचकीत पोलाद पुढे कित्येक दशके टिकले, कारण त्यातून घराण्याचा मान दिसे आणि चित्रकाराला प्रकाशाचे खेळ दाखवता येत. एकच चिलखत चित्रशाळेत ठेवून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या अंगावर रंगवले जाई. म्हणून चिलखताच्या घडणीवरून चित्रातल्या माणसाची ओळख ठरवू नये.

आता तारीख. लोस्टॉफ्टची लढाई झाली ३ जून १६६५ रोजी, त्या काळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा भाऊ जेम्स, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्क, सरनौसेनापती होता आणि ‘रॉयल चार्ल्स’ या जहाजावर पेन त्याच्यासोबत होता. डच सेनापती ऑबडाम ज्या ‘एंड्राख्ट’ जहाजावर होता ते दारूगोळ्यासकट उडाले आणि लढाईचा निकाल लागला. विजयाची आठवण म्हणून ड्यूकने आपल्या दालनात लावण्यासाठी लेलीकडून आरमाराच्या ध्वजाधिकाऱ्यांची, म्हणजे जहाजावर स्वतःचा ध्वज लावण्याचा मान असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची, चित्रे काढवून घेतली. एकूण तेरा चित्रे: पेन, सँडविचचा अर्ल, प्रिन्स रूपर्ट, मंक, लॉसन, आयस्क्यू, बर्कली, मिंग्ज, हार्मन, ॲलिन, जॉर्डन, स्मिथ आणि टेडमन. मालिका लोस्टॉफ्टच्या नावाने ओळखली जात असली तरी सगळेच त्या लढाईत नव्हते, मंक तर त्या वेळी लंडनमध्येच होता.

या मालिकेची कालगणना आपल्याला नेमकी सांगता येते, ती आरमार खात्यात काम करणाऱ्या सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीमुळे. १८ एप्रिल १६६६ रोजी तो लेलीच्या चित्रशाळेत गेला आणि तिथे त्याने अधिकाऱ्यांची डोकी पाहिली, काही पुरी झालेली, बाकीची सुरू केलेली. तो चित्रे न म्हणता डोकी म्हणतो, याकडे लक्ष द्यावे. पुढे १८ जुलै १६६६ रोजी तो पेनबरोबर लेलीकडे गेला, तो पेनच्या बैठकीची वेळ ठरवायला. लेलीकडे कामाची इतकी गर्दी होती की त्याला टिपणवही काढून पाहावे लागले, आणि मग त्याने सहा दिवसांनंतरची, सकाळी सात ते आठची वेळ दिली. याचा अर्थ पेनच्या चेहऱ्याचे काम लढाईनंतर वर्ष उलटल्यावरही चालू होते.

मधल्या काळात काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. १ ते ४ जून १६६६ या चार दिवसांत इंग्रज आणि डच आरमारांची पुन्हा गाठ पडली. बर्कली पहिल्याच दिवशी मारला गेला. मिंग्जला शेवटच्या दिवशी गोळ्या लागल्या आणि तो काही दिवसांतच गेला. आयस्क्यूचे जहाज वाळूत रुतले आणि तो डचांच्या हाती सापडला. हार्मनचा पाय मोडला. एप्रिलपर्यंत लेलीने डोकी आधी हाती घेतली, ती किती शहाणपणाची गोष्ट होती हे यावरून कळते. समुद्रावर जाणारा माणूस परत बैठकीला येईलच याची खात्री नसते. कपडे, हात, तोफ आणि आकाश मागाहून रंगवता येते, चेहरा तेवढा समोरच लागतो.

आपल्या लेखाचा विषय मुंबई असल्याने एक दुवा सांगायलाच हवा. जून १६६१च्या विवाहकराराने मुंबई दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, आणि ती ताब्यात घ्यायला १६६२ साली जे आरमार इथे आले त्याचा प्रमुख मार्लबरोचा अर्ल जेम्स ले हा होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट सोपवायला नकार दिला. मार्लबरो परत गेला, आणि सर एब्राहम शिपमन व त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. शिपमनसकट त्यांतले बहुतेक तिथेच रोगराईने मेले. उरलेल्यांना घेऊन हम्फ्री कुक १६६५च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच मार्लबरो लोस्टॉफ्टला ‘ओल्ड जेम्स’ या जहाजावर मारला गेला. ज्या लढाईच्या आठवणीसाठी ही चित्रे झाली, त्याच लढाईत मुंबई घ्यायला आलेला अधिकारी पडला, तरी तेरा जणांत त्याचे चित्र नाही. आपल्या लेखात हा माणूस यायला हवा होता.

पैशाचाही एक हिशेब मुंबईकरांना रस वाटेल असा आहे. १६६०च्या दशकात लेलीचा दर असा होता: नुसते डोके आणि खांदे १५ पौंड, गुडघ्यापर्यंतचे चित्र २५ पौंड. १६७१ साली त्याने तो वाढवून डोक्याला २०, गुडघ्यापर्यंत ३० आणि पूर्ण उभ्या चित्राला ६० पौंड केला. १६६८ साली राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले ते वर्षाला १० पौंड भाड्याने. अख्ख्या बेटाच्या वर्षाच्या भाड्यात लेलीकडून एक डोकेसुद्धा काढून मिळाले नसते.

आता तिसरे आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे विधान: चित्र कोणाच्या हातचे?

लेलीचा जन्म १४ सप्टेंबर १६१८ रोजी वेस्टफेलियातल्या झोस्ट गावी झाला. घराणे डच, वडील पायदळात कप्तान. शिक्षण हार्लेमला पीटर द ग्रेबरकडे झाले आणि १६३७ साली तिथल्या चित्रकारांच्या संघात त्याचे नाव नोंदले गेले. लंडनला तो आला १६४०च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे पहिल्या चार्ल्सचा दरबारी चित्रकार व्हॅन डाइक डिसेंबर १६४१मध्ये वारला त्याच सुमारास. सुरुवातीला तो निसर्गात रमलेल्या देवदेवतांची आणि गवळणींची चित्रे काढी, पण इंग्लंडात गिऱ्हाईक होते ते व्यक्तिचित्रांना. मग तो तिकडे वळला आणि पुढे काहीही उलथापालथ झाली तरी त्याचे काम थांबले नाही. यादवी झाली, पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, क्रॉमवेल आला, १६६० साली राजा परत आला. लेलीकडे प्रत्येक राजवटीतली माणसे बसून गेली. १६६१ साली तो दुसऱ्या चार्ल्सचा मुख्य चित्रकार झाला, वर्षाला २०० पौंड, जेवढे व्हॅन डाइकला मिळत तेवढेच. जानेवारी १६८०मध्ये ‘सर’ झाला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला वारला.

एवढे काम एका हाताने होत नाही, आणि त्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. रीत व्हॅन डाइकची होती. कोलोनचा सावकार याबाख त्याच्याकडे बसला होता आणि त्याने सांगितलेली पद्धत फ्रेंच कलालेखक रोजे द पील याने १७०८ साली लिहून ठेवली. व्हॅन डाइक एका बैठकीत एका चित्रावर तासाभरापेक्षा जास्त काम करत नसे. तास झाला की उठून नमस्कार, पुढची तारीख, नोकर कुंचले धुऊन दुसरी रंगपाटी देई आणि पुढचे गिऱ्हाईक बसे. अंग आणि कपडे तो करड्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने पाव तासात टिपून घेई, आणि ते टिपण मदतनिसांकडे जाई. मदतनीस पाठवून दिलेल्या खऱ्या कपड्यांवरून ते कॅनव्हासवर रंगवत. शेवटी गुरू चार हात फिरवून सगळे एकजीव करी. हातांसाठी पगारी माणसे बसवली जात.

लेलीने हीच रीत आणखी पक्की बसवली. कपडे आणि अंगविन्यास, म्हणजे शरीराची आणि हातांची ठेवण, रंगवायला बॅप्टिस्ट गॅस्पार्स होता, निसर्गदृश्ये आणि फुले लँक्रिंक करी, पुढच्या वर्षांत व्हिसिंगसारखे तरुण आले. अंगविन्यासांना क्रमांक होते. गिऱ्हाइकाने अमुक क्रमांकाचा विन्यास निवडला की चेहरा सोडून बाकीच्या चित्राचा आराखडा तयारच असे. लेलीच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेचे व्यवस्थापक रॉजर नॉर्थ आणि इतरांनी अपुरी चित्रे मदतनिसांकडूनच पुरी करून घेतली.

यात फसवणूक नव्हती. गिऱ्हाइकाला काय मिळणार हे माहीत असे. आजच्या वाचकाला मात्र ते सांगावे लागते, नाहीतर तो हाताच्या बोटांचे किंवा रेशमाच्या चुण्यांचे कौतुक लेलीच्या नावावर करतो आणि जिथे खरोखर त्याचा हात आहे तिथे नजर थांबवत नाही.

तो हात कुठे दिसतो, यासाठी दोन मालिका शेजारी ठेवून पाहाव्यात. ड्यूकच्या पत्नीने, ॲन हाइडने, लेलीकडून दरबारातल्या स्त्रियांची चित्रे काढवून घेतली, ती आज लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आहेत. त्या सगळ्या जणी बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या: जडावलेल्या पापण्या, लांबट बोटे, ओघळणारे रेशीम. १६६८ साली ती पाहून पीप्सने चित्रे चांगली आहेत पण चेहरे जुळत नाहीत, असा शेरा मारला. याउलट आरमारी मालिकेत प्रत्येक चेहरा वेगळा. कुणाचे गाल सुटलेले, कुणाच्या डोळ्यांखाली थकवा, कुणाचे नाक उन्हावाऱ्याने लाल. इथे सौंदर्याचा ठरलेला साचा लागू करायचा नव्हता, म्हणून लेली मोकळेपणाने पाहू शकला. आमच्या मते ही तेरा डोकी त्याचे सर्वोत्तम काम आहे आणि कारकिर्दीचे मोजमाप दरबारी सुंदऱ्यांवरून न करता यांच्यावरून करावे. १८२४ साली चौथ्या जॉर्जने ही मालिका ग्रीनिचच्या नाविक रुग्णालयाला दिली. रूपर्टचे मूळ चित्र राजसंग्रहातच राहिले. बाकीची बहुतेक आज तिथल्या सागरी संग्रहालयात आहेत.

ही चित्रे ५० बाय ४० इंची कॅनव्हासवर आहेत. इंग्लंडात या मापाला अर्धे चित्र म्हणत, जरी त्यात माणूस गुडघ्यापर्यंत दिसतो. डोक्याच्या चित्राचे माप ३० बाय २५ इंच. मापे ठरलेली असल्यामुळे कॅनव्हास, लाकडी ताण (कॅनव्हास ज्यावर ताणून बसवतात तो मागचा सांगाडा) आणि चौकट आगाऊ तयार मिळे.

चित्र बांधण्याची त्या काळची पद्धत थोडक्यात अशी. जवसाच्या धाग्याच्या, म्हणजे लिननच्या, कापडाला आधी प्राण्यांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचा हात, म्हणजे तेल थेट धाग्यात शिरून कापड कुजणार नाही. त्यावर गेरू किंवा तत्सम मातीच्या रंगाचा तेलातला थर, त्यावर शिशाचा सफेदा आणि कोळशाची पूड मिसळून करडा थर. हा करडा किंवा तपकिरी थर वाया जात नाही, चेहऱ्याच्या सावलीत तोच उघडा ठेवून मधली छटा म्हणून वापरतात. मग खडूने जागा ठरवून चेहऱ्याची पहिली मांडणी मोजक्या, निस्तेज रंगांत: सफेदा, पिवडी, गेरू, थोडा हिंगूळ, हाडाची काळी. ती वाळली की दुसऱ्या बैठकीत खरे मांस आणि रक्त येते. शेवटी किरमिजी रंगाचे पातळ पारदर्शक थर गालावर, ओठांवर, कपड्याच्या घड्यांत.

यात नेम एकच: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. सफेदा लवकर वाळतो, किरमिजी आणि काळा फार सावकाश. घाईत सावकाश वाळणाऱ्या थरावर लवकर वाळणारा चढवला की वरचा थर आक्रसतो आणि मगरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा पडतात. वयाने पडलेल्या भेगा निराळ्या असतात, त्या बारीक, धारदार आणि थेट खालच्या थरापर्यंत गेलेल्या असतात. हा फरक भिंगातून दिसतो आणि चित्राची खोटी भेगाळणीही तिथेच उघडी पडते.

काही रंग साडेतीनशे वर्षांत बदलूनही गेले आहेत. कोबाल्टच्या काचेची निळी पूड स्वस्त म्हणून आकाशाला आणि कपड्याला वापरत. तिच्यातले पोटॅशियम तेलात उतरते आणि निळा करडा किंवा तपकिरी होतो. आरमारी चित्रातले आभाळ आज वादळी वाटते ते कधी कधी याच कारणाने, चित्रकाराने ते तसे रंगवले असेलच असे नाही. किरमिजी उजेडाने उडतो. शिशाचा सफेदा तेलाशी मिळून साबणासारखा पारदर्शक होत जातो आणि खालची बदललेली रेघ, सरकवलेला हात वर दिसू लागतो.

आता मुंबईच्या भिंतींकडे. आपल्याकडे टांगलेली बहुतेक तैलचित्रे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली आहेत. त्यांतली कितीतरी १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकारांची आहेत, आणि त्यांची बैठक, हाताची ठेवण, मागचा पडदा, कोपऱ्यातला उजेड हे सगळे व्हॅन डाइक-लेलीच्या वळणाचे आहे. खरे युरोपीय तैलचित्र जवळून पाहायचे असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेली चित्रे पाहावीत.

एखादे चित्र सतराव्या शतकातले म्हणून कोणी दाखवले तर आधी ते उलटे करून मागची बाजू पाहावी. कोपऱ्यांत पाचरी मारून घट्ट करता येणारा लाकडी ताण अठराव्या शतकाच्या मध्यानंतरचा, त्याआधीचे ताण खिळ्यांनी कायम जोडलेले असत. अर्थात जुन्या चित्राला नंतर नवा ताण बसवलेला असू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. कॅनव्हासवर रंगविक्रेत्याचा शिक्का असेल, वीण यंत्राची एकसारखी असेल तर चित्र बहुधा एकोणिसाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे. रंगांची तपासणी करता आली तर जास्त ठाम सांगता येते: प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आला, जस्ताचा पांढरा तैलरंगात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, टायटॅनियमचा पांढरा १९२०च्या आसपास. चेहऱ्याच्या मूळ थरात टायटॅनियम सापडले तर लेली, व्हॅन डाइक ही नावे तिथेच संपली. डागडुजीच्या ठिपक्यात सापडले तर मात्र त्याचा अर्थ एवढाच की कोणीतरी विसाव्या शतकात हात लावला.

तो हात लावणे हेच मुंबईतले मोठे दुखणे आहे. पावसाळ्याआधी रंगकामाचे कंत्राट निघते, भिंतींबरोबर चित्रेही ‘उजळून’ घेतली जातात. भिंत रंगवणारा कामगार स्पिरिटचा फडका फिरवतो, वर लाकडाचे व्हार्निश चढवतो. चित्र दोन महिने झळकते. पण स्पिरिटने जुन्या व्हार्निशबरोबर गालावरचे आणि ओठांवरचे पातळ किरमिजी थर निघून गेलेले असतात, म्हणजे गुरूने शेवटच्या बैठकीत केलेले काम. कपड्याचे जाड थर शाबूत राहतात. अशा चित्रात माणूस पांढराफटक आणि कोट झगमगीत दिसतो. ते परत आणण्याचा उपाय नाही. लाकडाचे व्हार्निश काही वर्षांत तपकिरी होते आणि पुढे रंगाला धक्का न लावता काढणे अतिशय कठीण होते. कांदा, बटाटा, जवसाचे तेल हे घरगुती उपायही करू नयेत. कांद्या-बटाट्याचा साखरेचा आणि पिठाचा अंश भेगांत राहून बुरशीला खाद्य होतो, आणि तेल भेगांत शिरून काळे पडते.

पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीला ६५ ते ७० टक्के पुरतात. ८०-८५च्या पुढे गेले की सरस मऊ पडतो आणि लिननचे धागे फुगून कापड आवळले जाते. रंगाचा ताठ थर त्याबरोबर आवळत नाही, तो सुटतो आणि पोपडे उचलतात. यापेक्षा वाईट म्हणजे दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद. चोवीस तासांत आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांनी वरखाली झाली तर चित्र रोज ताणले आणि सैलावले जाते. यंत्र चोवीस तास चालवणे परवडत नसेल तर चित्राच्या खोलीत ते मुळीच लावू नये, पंख्याने हवा खेळती ठेवावी. सावकाश बदलणारी ६० टक्के आर्द्रता ही रोज उडी मारणाऱ्या ५० टक्क्यांपेक्षा बरी.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये, ओल तिथूनच येते. जागा बदलता येत नसेल तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंत आणि चित्र यांत बोटभर फट ठेवावी आणि ताणाच्या मागे आम्लरहित पुठ्ठा स्क्रूने बसवावा, खिळे ठोकू नयेत. खाऱ्या हवेने जुने लोखंडी खिळे गंजतात आणि त्यांच्याभोवतीचे कापड जळाल्यासारखे होऊन फाटते. चित्राच्या कडेला तपकिरी ठिपक्यांची रांग दिसली तर तेच सुरू झाले समजावे. खालच्या कडेजवळ लांबट फुगवटा दिसला तर बहुधा कोपऱ्यातली पाचर निसटून कापड आणि लाकूड यांच्यामध्ये अडकलेली असते. समोरून दाबून फुगवटा बसवू नये. रंग फुटतो. चित्र उतरवून, मऊ कापडावर तोंड खाली ठेवून, पाचर मागून पातळ पट्टीने सरकवून काढावी आणि दोऱ्याने बांधून जागेवर बसवावी. रंग सुटत असेल तर हेही करू नये, तोंड वर ठेवूनच जाणत्याला बोलवावे. उजेड २०० लक्सच्या (उजेड मोजण्याचे एकक) आत, चौकटीवर बसवलेले पिवळे दिवे काढून टाकावेत, कारण त्यांची उष्णता नेमकी चेहऱ्यावर पडते.

साफसफाईपूर्वी जो कोणी येईल त्याच्याकडून तीन छायाचित्रे मागावीत: सरळ उजेडात, बाजूने तिरका उजेड टाकून आणि अंधारात अतिनील दिव्याखाली. तिरक्या उजेडात सुटलेले पोपडे दिसतात. अतिनील दिव्याखाली जुने राळेचे व्हार्निश हिरवट चमकते आणि मागाहून केलेली रंगदुरुस्ती काळ्या डागांसारखी दिसते. ही तीन छायाचित्रे न काढता जो थेट बोळा हातात घेतो त्याला चित्र देऊ नये. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र मुंबईतच आहे, संस्थांनी आधी तिथे विचारावे. मागच्या पिढीत मेण आणि राळेने मागे दुसरे कापड चिकटवण्याची पद्धत इथे फार चालली. त्या उष्णतेने रंगाचे उठाव सपाट झाले आणि गडद छटा आणखी काळवंडल्या. आज कोणी ती सुचवली तर कारण विचारावे, फाटके कापड दोऱ्यादोऱ्याने सांधता येत असताना अख्खे चित्र मेणात घालण्याची वेळ क्वचितच येते.

आपल्याकडे एवढीच विनंती की पेनच्या चित्राखालची ओळ पुढच्या अंकात ‘पीटर लेली आणि त्याची चित्रशाळा, १६६६च्या सुमारास’ अशी दुरुस्त करावी, आणि शहरातल्या संस्थांच्या चित्रांविषयी लिहिताना चित्रकाराच्या नावाबरोबर त्या चित्राला कधी, कोणी, काय केले याचीही नोंद मागावी. कंत्राटाच्या पावत्या बहुतेक कचेऱ्यांत पडून असतात. त्यांवरची व्हार्निशची आणि स्पिरिटची नोंद पुढे काम करणाऱ्याला प्रयोगशाळेच्या तपासणीइतकी उपयोगी पडते. यंदाचे रंगकाम सुरू होण्याआधी त्या पावत्या काढून चित्राच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिफाफ्यात लावून ठेवाव्यात.

आपला विश्वासू,
एक चित्रसंवर्धक
गिरगाव, मुंबई